पंधरावी आणि सोळावी पीन

टीव्ही गेमच्या कॅसेटमधल्या हिरव्या पट्टीच्या एका बाजूला, बरोबर मधोमध, दोन पिना एकमेकींना जोडलेल्या होत्या. बाकीच्या सगळ्या सुट्या. पिवळसर चकचकीत रेघ, मग हिरवी फट, पुन्हा रेघ, पुन्हा फट, अशी ती ओळ फणीच्या दातांसारखी शिस्तीत चालली होती. मध्येच या दोघींच्या डोक्यावरून तांब्याची एक बारीक रेघ आडवी गेली होती आणि तिनं त्यांना बांधून टाकलं होतं. १९९६ चा मे महिना, भर दुपार, वीज गेलेली. मी अकरा वर्षांचा. बाबांच्या हत्यारांच्या डब्यातलं ब्लेड माझ्या हातात होतं. मला मनापासून वाटलं, की कॅसेट बनवणाऱ्याची चूक मला सापडली आहे.

मी ती रेघ खरवडून काढली.

त्या दुपारबद्दल मी कुणाला काही सांगितलं नव्हतं. गेल्या महिन्यात सांगितलं, म्हणून आता लिहितोय.

आमचं घर साखर पेठेजवळ. सकाळी जाग यायची ती मागांच्या खटखटीनं, आणि रात्री झोप लागायची तीही त्याच आवाजात. पाहुणे आले की त्यांना झोप यायची नाही. आम्हाला मात्र माग बंद पडले की जाग यायची. बाबा एका चादर कारखान्यात जकार्डचे मेस्त्री होते. चादरीवरचा मोर नीट उमटला नाही, पिसाऱ्याचा एक ठिपका प्रत्येक चादरीत त्याच जागी गळायला लागला, की मालक बाबांना हाक मारायचे.

टीव्ही गेम आला तो दिवाळीच्या बोनसमधून, नवी पेठेतल्या दुकानातून. त्या काळी घरोघरी येणारी यंत्रं बहुतेक सगळी एकाच मूळ यंत्राच्या नकला होत्या. निन्टेंडोचा फॅमिकॉम, जपानमध्ये जुलै १९८३ मध्ये आलेला, मासायुकी उएमुरा या अभियंत्यानं उभा केलेला. आम्हाला यातलं काही ठाऊक नव्हतं. आमच्यासाठी तो ‘गेम’ होता आणि त्यात वरून खोचायची ती ‘कॅसेट’. कार्ट्रिज हा शब्द मी कॉलेजात गेल्यावर ऐकला. कॅसेट म्हणण्यात काही चूक होती असं आजही वाटत नाही. जपानी लोकही तिला कॅसेटच म्हणायचे, आणि आकारानंही ती गाण्याच्या कॅसेटच्या जवळपास जायची.

आमच्याकडे कॅसेट एकच होती. मित्रांकडे शंभर खेळांच्या, हजार खेळांच्या होत्या. यादी उघडली की तेच पाच-सहा खेळ वेगवेगळ्या पायरीपासून सुरू होणारे, पण यादीच्या लांबीचा रुबाब वेगळाच. आमच्या पिवळ्या कॅसेटमध्ये फक्त सर्कस. सिंहावर बसलेला विदूषक, समोरून येणारी आगीची कडी, आणि मागे अखंड वाजणारं सर्कशीचं संगीत. ताईला खेळापेक्षा ते संगीतच आवडायचं. स्वतःची पाळी नसली तरी ती शेजारी बसून राहायची.

सोलापुरात कापसाचे तंतू हवेतच असतात. माग चालतात त्या भागात तर भिंतीवरच्या कॅलेंडरवर, देवाच्या फोटोवर, सगळीकडे पांढरी लव चढते. कॅसेटच्या तोंडातही ती जायची. गेम लागला नाही की कॅसेट काढायची, फू करायची, पुन्हा खोचायची. ही विद्या आम्हाला कुणी शिकवली नव्हती आणि जगभरच्या पोरांनाही कुणी शिकवली नव्हती. तरी सगळीकडे तीच. खरं म्हणजे फुंकरीनं फारसं काही होत नाही. काढून पुन्हा खोचताना पिना खाचेतल्या पत्र्यांवर घासतात, तिथला काळा थर निघतो आणि संपर्क येतो. उलट फुंकरीतल्या ओलाव्यानं पिना हळूहळू गंजतात. निन्टेंडोनंही पुढे फुंकू नका असं स्पष्ट सांगितलं. आमच्या बाबांनी ते आधीच सांगितलं होतं. त्यांना कॅसेटमधलं काही कळत नव्हतं, पण घासून बसणाऱ्या वस्तूंवर थुंकी उडवायची नसते हे ठाऊक होतं. ते खोडरबरानं पिना पुसून द्यायचे.

आता जकार्डबद्दल सांगायला हवं, नाहीतर मी ते ब्लेड का चालवलं ते कळायचं नाही.

जकार्ड मागाच्या डोक्यावर बसतं. पुठ्ठ्याच्या लांबट पट्ट्या दोरीनं एकमेकींना शिवून त्यांची माळ करतात आणि ती एका चौकोनी ठोकळ्यावरून फिरत राहते. प्रत्येक पुठ्ठ्यावर भोकं. ठोकळा पुठ्ठ्याला सुयांवर दाबतो. जिथं भोक आहे तिथं सुई आत शिरते, तिचा हूक जागेवर राहतो, वर उचलला जातो आणि त्याच्यासोबत ताण्यातला धागा उठतो. जिथं भोक नाही तिथं पुठ्ठा सुईला मागं ढकलतो, हूक सुटतो, धागा खालीच राहतो. मग धोटा आडवा जातो. एक पुठ्ठा, एक आडवा धागा. पुन्हा पुढचा पुठ्ठा. मोराची मान, मग चोच, मग डोळा. जोसेफ मारी जकार्ड नावाच्या फ्रेंच माणसानं १८०४ च्या सुमारास हे यंत्र सिद्ध केलं. दोनशे वर्षांनंतर आमच्या पेठेत त्याचं आडनाव हेच यंत्राचं नाव होऊन बसलं होतं, आणि बऱ्याच जणांना ते माणसाचं नाव आहे हेही माहीत नव्हतं.

सुट्टीत बाबांचा डबा घेऊन मी कारखान्यात जायचो. एकदा मी विचारलं होतं, की पुठ्ठ्याच्या दोन्ही टोकांना ही मोठी भोकं कशाला? बाकीची भोकं बारीक आणि ही दोन-दोन अंगठ्याएवढी. शिवाय ती प्रत्येक पुठ्ठ्यावर एकाच जागी. मोराच्या प्रत्येक ओळीत तिथं सारखंच काय असेल?

आत बोलून काही ऐकू यायचं नाही. बाबा मला बाहेर घेऊन आले, पुठ्ठा उन्हात धरला आणि म्हणाले, ‘‘ही डिझाईनची न्हाईत. पुठ्ठा बसवायची हाईत. ठोकळ्यावर खुंट्या असतात, त्या ह्याच्यात बसतात. ही नसली तर पुठ्ठा केसभर सरकतो, अन् मग सगळी भोकं बरोबर असून मोर वाकडा.’’

मला ते फार आवडलं. घरी येऊन मी ताईला तसंच्या तसं सांगितलं. डिझाईनमध्ये नसलेलं भोक, आणि तरी त्याच्यावाचून डिझाईन नाही.

त्याच दिवसांत बाबांनी आणखी एक गोष्ट दाखवली होती. ताण्यातले दोन शेजारचे धागे खळीनं एकमेकांना चिकटले, की ते जोडीनं वर जातात, जोडीनं खाली येतात, आणि कापडात उभी रेघ पडते. मेस्त्रीनं असे चिकटलेले धागे नखानं सोडवायचे. ‘‘प्रत्येक धागा सुटा पाहिजे,’’ असं ते म्हणाले होते. हे दोन धडे घेऊन मी कॅसेट उघडली.

उघडल्यावर पहिलं आश्चर्य म्हणजे आत जवळजवळ काहीच नव्हतं. एवढा पिवळा डबा आणि तळाशी तीन-चार बोटं रुंद हिरवी पट्टी. वरचं सगळं मोकळं. वाटलं, दुकानदारानं फसवलं, अर्धा खेळ काढून घेतला. हा मोकळेपणा मूळ जपानी कॅसेटमध्येही होता आणि अमेरिकेत १९८५ मध्ये गेलेल्या मोठ्या करड्या कॅसेटमध्ये तर त्याहून जास्त. तिथं टीव्ही गेमचा धंदा दोन वर्षांपूर्वी कोसळलेला, दुकानदार त्याचं नाव काढू देत नव्हते. म्हणून निन्टेंडोनं यंत्राला व्हिडिओ प्लेअरसारखं रूप दिलं, पुढून दार उघडायचं, कॅसेट आत सारून खाली दाबायची. कॅसेट त्या मानानं मोठी केली. आतली पट्टी मात्र बहुतेक खेळांत निम्मा डबाही भरत नव्हती. डबा हा हातासाठी आणि डोळ्यासाठी असतो: पकडायला जागा, चित्र चिकटवायला जागा. चादरीची घडी दुकानात दिसते तेवढी जाड नसते, आत पुठ्ठा घातलेला असतो, हे आमच्या गावात पोरालाही माहीत आहे.

दुसरं आश्चर्य म्हणजे डांबराचे दोन थेंब. पट्टीवर चिपा दिसायला हव्या होत्या. शेजारच्या रेडिओवाल्या काकांकडे मी पाहिल्या होत्या, काळ्या, पायांच्या, गोमेसारख्या. इथं नुसते दोन काळे, घट्ट, फुगीर ठिपके. कुणीतरी डांबर ओतून काहीतरी लपवलंय असंच वाटायचं. आत उघडी सिलिकॉनची कपची असते. ती सरळ पट्टीवर चिकटवतात, केसाहून बारीक तारांनी तिला जोडतात आणि वरून राळेचा थेंब सोडतात. चिपेचं घर बांधायचा खर्च वाचतो. आपल्याकडच्या स्वस्त कॅसेटी परवडल्या त्या या थेंबामुळे. आणि थेंब दोन का? कारण फॅमिकॉममध्ये हिशेब करणारा भाग आणि चित्र काढणारा भाग वेगळे आहेत आणि दोघांच्या कॅसेटकडे येणाऱ्या वाटाही वेगळ्या. एका थेंबात खेळाचे नियम, दुसऱ्यात चित्रांचे तुकडे. पिना साठ लागतात त्याही याचमुळे, एका बाजूला तीस आणि दुसऱ्या बाजूला तीस.

थेंबांच्या शेजारी दोन छोटे चौकोन होते. एकाजवळ ‘एच’ आणि दुसऱ्याजवळ ‘व्ही’ ही इंग्रजी अक्षरं. एकावर सोल्डरचा ठिपका, दुसरा मोकळा. हे काय असावं यावर मी बराच वेळ घालवला. आज उत्तर माहीत आहे आणि ते मला अजूनही सुंदर वाटतं. यंत्राकडे पडद्यासाठी स्वतःची स्मृती फक्त दोन किलोबाइट, म्हणजे दोन पडदे मांडण्यापुरती. ते दोन पडदे शेजारीशेजारी धरायचे की एकाखाली एक, हे यंत्र ठरवत नाही, कॅसेट ठरवते. खेळ आडवा सरकणारा असेल तर एक चौकोन जोडायचा, उभा सरकणारा असेल तर दुसरा. विदूषक सिंहावरून पुढे पुढे जात राहतो, जमीन तुटत नाही, ते सोल्डरच्या त्या एका ठिपक्यावर. एका गावात आडवा-उभा हा शब्द दिवसातून शंभर वेळा उच्चारला जातो आणि त्या गावातल्या पोराला त्या दोन अक्षरांचा अर्थ लागू नये, याची मला नंतर फार रुखरुख लागली.

त्या ठिपक्याला मात्र मी हात लावला नाही. तिथं अक्षर छापलेलं होतं. अक्षर आहे म्हणजे कुणीतरी जाणून केलंय, एवढं मला कळत होतं. मधोमधच्या त्या दोन जोडलेल्या पिनांजवळ काहीच लिहिलेलं नव्हतं. अठ्ठावन्न सुट्या आणि दोन चिकटलेल्या. प्रत्येक धागा सुटा पाहिजे.

संध्याकाळी वीज आली. कॅसेट बंद करून खोचली. चित्र आलं, स्वच्छ, नेहमीपेक्षा स्वच्छ वाटलं मला. सिंह धावला, कडी आली, विदूषकानं उडी मारली. आवाज नव्हता.

टीव्हीचा आवाज वाढवला तर नुसती घरघर. ताई म्हणाली, ‘‘काय केलास बे तू?’’ मी म्हणालो, काही नाही, धूळ गेली असेल. तिनं फू केली. मीही केली, तिच्यासमोर, खोटी.

बाबांना आम्ही सांगितलं नाही, आणि त्यांना कळलंही नाही. आज विचार करतो तेव्हा हा भाग मला सगळ्यात जड जातो. बारा तास मागांच्या मध्ये उभं राहून घरी आल्यावर त्यांच्या कानात सारखं शीळ वाजल्यासारखं व्हायचं. आम्ही बोलायचो तेही ते आमच्या ओठांकडे बघून समजून घ्यायचे. आमच्या घरातला एक आवाज बंद पडला होता आणि ज्याला तो दुरुस्त करता आला असता त्याला तो कधीच नीट ऐकू येत नव्हता.

ताईनं तोडगा काढला. मी खेळायला बसलो की ती संगीत तोंडानं म्हणायची. सिंहाच्या पायरीचं वेगळं, दोरीवरच्या माकडांचं वेगळं. मी हरलो की हरल्याचं. ती खेळत असली तर स्वतःच म्हणायची आणि स्वतःच खेळायची. ती सुट्टी अशीच गेली आणि पुढची दोन वर्षंही.

कॅसेटच्या कोपऱ्यातली खाच पाहून मला पुन्हा तसाच झटका बसला तो १९९९ मध्ये. मुंबईचा मामेभाऊ गड्ड्याच्या यात्रेला आला होता. होम मैदानावर पाळण्याच्या रांगेत उभं असताना त्यानं खिशातून गेम बॉय काढला, निन्टेंडोचंच हातात धरून खेळायचं छोटं यंत्र. कॅसेट काडेपेटीहून थोडी मोठी, करडी, आणि तिचा वरचा एक कोपरा चौकोनी कापलेला. तुटलेली कॅसेट खपवली तुला, असं मी म्हणणार होतो. ब्लेड आठवलं आणि गप्प बसलो. मग त्यानं बटण सरकवून यंत्र सुरू केलं आणि मला दिसलं: बटणासोबत प्लॅस्टिकची एक जीभ सरकत जाऊन त्या खाचेत बसली. आता यंत्र चालू असेपर्यंत कॅसेट ओढून निघणार नाही. मी भर गर्दीत त्याच्या हातातून यंत्र घेऊन चार वेळा बटण पुढे-मागे केलं. खुंटी आणि मोठं भोक! डिझाईनमध्ये नसलेलं.

त्या खाचेची पुढची गोष्ट तर आणखी गंमतीची. १९९८ मध्ये रंगीत गेम बॉय आला. फक्त त्याच्यावरच चालणाऱ्या कॅसेटींना निन्टेंडोनं खाच ठेवली नाही. तशी कॅसेट जुन्या १९८९ च्या यंत्रात घातली तर बसते, पण जिभेला जागा नसल्यामुळे बटणच सरकत नाही. यंत्र सुरूच होत नाही. ‘हा खेळ या यंत्रासाठी नाही’ असं पडद्यावर लिहून दाखवायची गरज नाही. कोपरा भरलेला आहे, तोच सांगतो. जुन्या यंत्राच्या त्या खाचेला नऊ वर्षांनंतर असं काम मिळेल हे ती खाच पहिल्यांदा कोरणाऱ्याच्या मनात होतं की नव्हतं, यावर मी अनेकदा विचार करत बसतो.

कॉलेजमध्ये इलेक्ट्रॉनिक्स घेतलं. इंटरनेट आलं. एक दिवस फॅमिकॉमच्या साठ पिनांचा तक्ता समोर आला आणि मी सरळ मध्यावर गेलो. एका बाजूला एक ते तीस, दुसऱ्या बाजूला एकतीस ते साठ. दुसऱ्या ओळीतली पंधरावी आणि सोळावी, म्हणजे पंचेचाळीस आणि सेहेचाळीस. पंचेचाळीसवर लिहिलं होतं: यंत्राकडून येणारा आवाज. सेहेचाळीसवर: टीव्हीकडे जाणारा आवाज.

म्हणजे फॅमिकॉमचा आवाज यंत्रातून थेट टीव्हीला जात नाही. तो आधी कॅसेटमध्ये येतो आणि कॅसेटमधून परत फिरून मग टीव्हीला जातो. कॅसेटला त्यात काही करायचं नसेल तर तिनं फक्त एक करायचं: त्या दोन पिना जोडून ठेवायच्या. वाट मोकळी ठेवायची. मी ती वाट कापली होती.

पण इतका वळसा कशाला? यासाठी, की एखाद्या कॅसेटला स्वतःचा आवाज त्यात मिसळायचा असेल तर मिसळता यावा. यंत्राच्या स्वतःच्या चिपेत पाच आवाज आहेत. कोनामी या कंपनीनं १९८९ मध्ये जपानमध्ये काढलेल्या ‘आकुमाजो देन्सेत्सु’ या खेळाच्या कॅसेटमध्ये एक जास्तीची चिप घातली आणि आणखी तीन आवाज दिले. यंत्राचे पाच आत यायचे, कॅसेटचे तीन त्यांना मिळायचे, आठांचं संगीत बाहेर पडायचं. हाच खेळ अमेरिकेत गेला तेव्हा ते तीन आवाज गेले. तिथल्या कॅसेटला पिना बहात्तर, बारा जास्त, पण आवाजाची ही जोडी काढून टाकलेली होती. वाढवलेल्या पिनांपैकी चार कुलपाच्या चिपेसाठी, म्हणजे निन्टेंडोच्या परवानगीशिवाय बनलेली कॅसेट चालू नये म्हणून. दहा पिना यंत्राच्या पोटाखालच्या एका जोडणीकडे जायच्या, आणि त्या जोडणीवर लावायचं उपकरण कंपनीनं कधी विकायलाच आणलं नाही. कुलपाला जागा मिळाली, न आलेल्या उपकरणाला जागा मिळाली, दोन आवाजाच्या पिना मात्र गेल्या. मला हा सौदा पटलेला नाही. आपल्याकडच्या स्वस्त नकलांनी, कुणाची परवानगी न घेता का होईना, जपानी साठ पिनांची रचना उचलली आणि ती जोडी आमच्या घरापर्यंत आणली.

यानंतर मी जुन्या कॅसेटींच्या मागेच लागलो. १९७२ च्या मॅग्नाव्हॉक्स ओडिसीबद्दल वाचलं तेव्हा तर मी खुर्चीतून उठून फेऱ्या मारल्या. घरात टीव्हीला जोडून खेळायचं ते पहिलं यंत्र, राल्फ बेअर यांच्या कल्पनेतून आलेलं. त्याच्यासोबत कार्डं मिळायची. काही कार्डांवर एकाहून जास्त खेळ चालायचे. पण त्या कार्डात चिप नाही, स्मृती नाही, खेळ नाही. नुसत्या पिना आणि कुठली पीन कुठल्या पिनेला जोडायची त्याच्या तांब्याच्या रेघा. कार्ड खोचलं की यंत्राच्या आतल्या वाटा बदलायच्या आणि पडद्यावरचे ठिपके वेगळे वागायचे. जी रेघ मी चूक म्हणून खरवडली, तसल्या रेघा म्हणजेच तिथं अख्खी कॅसेट होती!

चार वर्षांनी, १९७६ मध्ये, फेअरचाइल्डच्या चॅनल एफमध्ये पहिल्यांदा खेळ स्वतः कॅसेटमध्ये शिरला. त्या कामाचे प्रमुख जेरी लॉसन. चिपेत खेळ साठवता येतो हे त्यांना सोपं होतं. अवघड होतं ते चिप सामान्य घरात शेकडो वेळा काढायची-घालायची. तोवर कुणी तसं केलेलं नव्हतं. पिना झिजणार, अंगावरची वीज चिपेत उतरणार. पुढच्या वर्षी आलेल्या अटारीच्या कित्येक कॅसेटींना तर पिनांसमोर स्प्रिंगचं दारच असतं. कॅसेट यंत्रात दाबली की यंत्रातले दोन खुंट ते दार उघडतात, बाहेर काढली की मिटतं. आमच्या साखर पेठेत तसलं दार असतं तर फार बरं झालं असतं.

गेल्या महिन्यात घर रंगवायला काढलं आणि पिवळी कॅसेट हातात आली. बाबा आता शहात्तर वर्षांचे आहेत. कानाचं यंत्र त्यांच्याकडे आहे, घालत नाहीत. मी कॅसेट त्यांच्यासमोर ठेवली आणि सगळं सांगितलं. बोलून आणि लिहून. ब्लेड त्यांच्याच डब्यातलं होतं हेही.

ते रागावले नाहीत. त्यांनी कपाटातून पिक ग्लास काढली. कापडाच्या इंचात किती धागे बसलेत ते मोजायचं घडीचं भिंग, पितळी, कडा झिजलेली. कॅसेटची पट्टी खिडकीजवळ नेली, भिंग टेकवलं आणि सुईच्या टोकानं एका टोकापासून पिना मोजायला सुरुवात केली. ओठ हलत होते. पंधरावर सुई थांबली.

‘‘हितं व्हय.’’

खरवडलेली जागा दिसत होती. मला वाटलं होतं त्याहून बरीच मोठी होती. लहान हातानं किती जोर लावला होता कुणास ठाऊक.

‘‘अन् आवाज आत कशाला फिरवला त्या जपान्यानं?’’

मी वहीत काढून दाखवलं. यंत्राचे पाच, कॅसेटचे तीन. ते बराच वेळ त्या चित्राकडे बघत राहिले.

‘‘म्हणजे कॅसेटवाल्याला त्याचा एक धागा घालायला जागा ठेवली व्हती.’’

एवढी वर्षं मी तक्ते वाचले, रेघ न् रेघ समजून घेतली, पण हे असं एका वाक्यात मला मांडता आलं नव्हतं. मी त्यांना तसं सांगितलं. त्यांनी ते ऐकलं की नाही माहीत नाही. ते एका जुन्या वायरीचं टोक सोलून तिच्यातली एकच बारीक तार वेगळी करत होते.

सोल्डर मी लावलं. भिंग त्यांनी धरलं. ‘‘कमी लाव, कमी लाव,’’ एवढंच म्हणत होते. पिनांच्या थोडं वर, जिथं मूळ रेघ होती तिथंच तार आडवी बसली. जुनं यंत्र अजून चालतं, फक्त अडॅप्टर नवा आणावा लागला. कॅसेट खोचली, पहिल्यांदा लागली नाही. हात तोंडाकडे गेला होता. बाबांनी नुसतं बघितलं. मी काढून पुन्हा खोचली.

सिंह धावला आणि संगीत सुरू झालं.

बाबा पडद्याकडे बघत नव्हते, माझ्या तोंडाकडे बघत होते. मी मान हलवली. त्यांनी पिक ग्लास मिटून खिशात ठेवली.

मग मी बार्शीला ताईला फोन लावला. काही न सांगता फोन टीव्हीजवळ धरला. पहिली पायरी अख्खी होऊ दिली, विदूषक एकदा जळाला तेही ऐकू दिलं. फोन कानाला लावला तर पलीकडे शांतता. मला वाटलं, रडते की काय.

‘‘हे कुठलं लावलास बे?’’ ताई म्हणाली.

‘‘आपलंच. सर्कस. आवाज आला बघ.’’

‘‘छे. हे न्हाई. आपलं असं नव्हतं. त्यात मधी थांबायचं की जरा, कडी येताना.’’

आणि तिनं फोनवर म्हणून दाखवलं. सिंहाच्या पायरीचं पूर्ण, मग माकडांचं. ते टीव्हीत वाजत होतं त्यापेक्षा संथ होतं, कडी येताना थांबत होतं आणि शेवटी वर जायच्या जागी खाली उतरत होतं. मी टीव्हीचा आवाज बंद केला आणि तिच्या चालीवर दुसरी पायरी खेळायला घेतली.